लेकीसाठी फुलाचं नाव: जाई, अबोली, केतकी की बकुळ?

पायरीवरची | १२ मार्च, रात्री ११:४०

लेक झाली! आज सातवा दिवस. ती आत्ता झोपली आहे, म्हणजे माझ्या हातात साधारण चाळीस मिनिटं आहेत. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

१७ तारखेला बारसं आहे आणि नाव ठरत नाहीये. फुलाचं नाव ठेवायचं एवढ्यावर घरात एकमत आहे (आमच्या घरात एकमत हीच बातमी). पुढे सगळी बोंब.

सासूबाईंना जाई हवंय. गुरुजींनी उत्तराषाढा, तिसरा चरण, अक्षर 'जा' सांगितलं आणि त्यांनी तिथल्या तिथे जाई जाहीर केलं. नाव गोडच आहे. पण दिराच्या मुलाचं नाव जय. इंग्रजीत दोघंही जे-ए-आय! आडनाव एक, पत्ता एक, वयात दोन वर्षांचं अंतर. उद्या लसीकरणाच्या कार्डापासून गोंधळ सुरू.

मला अबोली हवंय. माहेर सावंतवाडी. लहानपणी संध्याकाळी आई मागच्या पायरीवर बसून अबोलीचे वळेसर (गजरे) करायची, मी देठ जुळवून द्यायचे. नवरा म्हणतो, बिनवासाचं फूल कशाला?

त्याला स्वतःला केतकी आवडतं. सासरचं कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव, आणि केतकी महादेवाला चालत नाही. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला.

आणि बकुळ. हे माझ्या आजीचं. तिने परवा व्हिडिओ कॉलवर ट्रंकेतल्या लुगड्याची घडी उलगडून दाखवली. आत बकुळीची माळ, तपकिरी, वाळून कुरकुरीत. कधीची ते तिलाही आठवत नाही. फोनमधून वास येत नाही म्हणून मलाच समजावत होती, "येता गो, अजून येता." नाव सगळ्यांना आवडतं, पण कुणीच ठामपणे हो म्हणत नाही. म्हातारं वाटतं का? 'ळ'चं काय करायचं?

प्राजक्ता सुचवू नका. माझ्या वर्गात चार होत्या.

खवचट_खवय्या | १२ मार्च, रात्री ११:५२

पहिला! अभिनंदन. पेढे कुठायत?

अबोली ठेवत असाल तर विचार करून ठेवा, माणसं नावाच्या बरोब्बर उलटी निघतात. आमच्या चाळीत शांतामावशी होत्या. त्या नळावर आल्या की बाकीच्या बायका अर्ध्या बादल्या उचलून घरी जायच्या. हलके घ्या.

रानवाटा | १३ मार्च, सकाळी ६:१५

अभिनंदन ताई. नाव कुठलंही ठेवा, पण फूल कुठलं ते नीट माहीत असू द्या. लोक मुलीचं नाव जुई ठेवतात आणि वाढदिवसाच्या पत्रिकेवर मोगरा छापतात.

जाई, जुई, मोगरा, नेवाळी ही सगळी एकाच घरातली भावंडं. जाई म्हणजे संस्कृतातली जाती, जुई म्हणजे यूथिका, मोगऱ्याची मल्लिका, नेवाळीची नवमल्लिका. जाईची कळी बाहेरून किंचित गुलाबी असते, फूल मोठं. जुई एकदम नाजूक, पांढरीशुभ्र. मधुमालती मात्र या घरातली नाहीच, नावामुळे लोक फसतात. ती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी होते, मग लाल. ज्यांना मुलीचे मूड आधीच ओळखता येतात त्यांनी ते ठेवावं.

केतकीबद्दल एक गंमत. केतकी म्हणजे केवडा. त्याची नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. आपण गणपतीत घरी आणतो ते घमघमणारं कणीस नर झाडाचं. अत्तरही त्याचंच.

पायरीवरची | १३ मार्च, सकाळी ९:०५

रानवाटा, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो दहा मिनिटं गप्प आहे. केतकी बाद.

शाळेतल्या_बाई | १३ मार्च, दुपारी १:३०

बावीस वर्षं हजेरी घेते आहे, त्या अधिकारात सांगते. नाव ठेवताना देवघरातून नाही, पाचवी 'ब'च्या मागच्या बाकावरून विचार करा. ती पोरं कशाचं काय करतील हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं. केतकीची केटली होतेच. चंपा आता वापरता येणार नाही, हिंदी सिनेमाने त्या बिचाऱ्या नावाची वाट लावली. खरं तर सोनचाफ्याइतकं देखणं फूल नाही. आपल्याकडे सरळ नाकाला चाफेकळी म्हणायचे, ते उगीच का? शेवंताचं टीव्हीमालिकेने तेच केलं.

जाईचा अनुभव आहे. माझ्या वर्गातल्या जाईला नव्या सरांनी पहिल्या दिवशी मुलांच्या यादीत घातलं होतं. पीटीच्या तासाला मुलांच्या रांगेतून हाक आली. ती गेली, उभी राहिली, आणि लंगडीत तिघांना बाद करून परत आली. पण सगळ्याच मुली तशा नसतात.

नाना_वाईकर | १३ मार्च, दुपारी ४:१०

सौ. पायरीवरची, बाळ-बाळंतिणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या यादीत कमळ कसे नाही? आमच्या पिढीत घरटी एक तरी असे. कमल, पद्मा, नलिनी, सरोज, पंकजा, अंबुजा, नीरजा. पाण्याला जितके शब्द, तितक्या मुली. पंकजा म्हणजे शब्दशः चिखलात जन्मलेली, हे आमच्या धाकट्या बहिणीला आठवीत संस्कृतच्या तासाला कळले. घरी येऊन तिने वडिलांशी दोन दिवस अबोला धरला. मृणाल हे फूल नव्हे, कमळाचा देठ किंवा त्यातला तंतू. कुमुद रात्री चंद्राबरोबर उमलते, पद्म दिवसा सूर्याबरोबर. तेव्हा रात्रभर जागणाऱ्या बाळाचे नाव कुमुद ठेवणे शास्त्रशुद्ध.

नुसत्या 'फूल' या अर्थाची नावेही कमी लेखू नका. शिरवाडकरांनी टोपणनाव कशावरून घेतले? बहिणीचे नाव कुसुम, म्हणून हे कुसुमाग्रज, कुसुमचे थोरले बंधू. एका घरगुती नावाने मराठी कवितेत केवढी जागा मिळवली पाहा.

खवचट_खवय्या | १३ मार्च, दुपारी ४:१४

नाना, अंबुजा ठेवलं तर सिमेंटवाले फुकट देतील का? घराचं काम काढलंय.

मीच_अबोली | १३ मार्च, रात्री १०:२०

सदस्यनाम बघा आणि मग वाचा.

चौतीस वर्षं हे नाव वागवते आहे. तोटे आधी. "अबोली आणि एवढी बोलते?" हा विनोद मी आजवर किती वेळा ऐकला याची मोजदाद सोडून दिली आहे, आणि करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं तो त्यालाच पहिल्यांदा सुचला. नवऱ्याशी भांडण झालं की सासरे "आज नावाला जागलीस" म्हणतात. महाराष्ट्रात बायका चालवतात त्या रिक्षांना अबोली रंग दिला, तेव्हापासून ऑफिसात माझं नाव मीटर.

आता फायदा. वास नाही म्हणणाऱ्या तुमच्या मिस्टरांना विचारा, त्यांनी कधी गजरा माळलाय का? मोगरा सकाळी माळला की दुपारी तपकिरी पडतो, मान टाकतो. अबोली दुसऱ्या दिवशीही जशीच्या तशी, तिसऱ्या दिवशीही. आई म्हणायची, वास काय, दारातून आत येईपर्यंतचा. रंग टिकला पाहिजे.

मला माझं नाव आवडतं. पण लेकीचं मी रेवा ठेवलं, हेही खरं.

इसारकाठी | १३ मार्च, रात्री ११:०० (इथे संध्याकाळ)

आम्ही म्युनिकला. एक व्यवहारी मुद्दा: जर्मन लोक जे-चा उच्चार य करतात. मैत्रिणीची जुई इथे किंडरगार्टनमध्ये युई झाली. जाई असती तर याई. स्पॅनिशवाले तोच जे ह-च्या जवळ नेतात, तिकडे हुई. ती आता पाच वर्षांची आहे आणि स्वतःच दोन नावं वापरते, घरी जुई, शाळेत युई. आईला त्रास होतो, तिला होत नाही.

केतकी जगात कुठेही चालतं. के-ई-टी-ए-के-आय, कुणी अडखळत नाही. बाद केलंत, हरकत नाही.

रानवाटा | १४ मार्च, सकाळी ६:३०

नवीन हवं असेल तर कारवी? सह्याद्रीची, निळीजांभळी. साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, पण फुलते तेव्हा डोंगरच्या डोंगर रंगतात आणि मधमाश्या वेड्या होतात.

शाळेतल्या_बाई | १४ मार्च, सकाळी ७:१०

सात वर्षं अभ्यास नाही आणि मग एकदम बोर्डात नंबर. अशा विद्यार्थिनी आहेत माझ्याकडे. नाव छान आहे, पण गावाकडच्या लोकांना कारवी म्हणजे कुडाच्या भिंतीची काठी. मुलीचं नाव काठी?

आसोलीचो | १४ मार्च, सकाळी ८:४५

गो बाय, सावंतवाडीची मा तू? मगे सुरंगी कशी इसारलंस?

(प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर नाना रागावतील.) आत्ता मार्च. आमच्या वेंगुर्ल्यात आसोली, सोन्सुरे, आरवली या बाजूला सुरंगीचा हंगाम आहे. ही फुलं डहाळीच्या टोकाला नाही, थेट फांदीच्या अंगाला लगडतात, पिवळ्या केसरांचा झुपका. पहाटे अंधारात बॅटरी लावून माणसं झाडावर चढतात, कारण उन्हं आली की मधमाश्यांचा ताबा. कळ्या वाळवून अत्तरासाठी जातात, फुलांचे वळेसर बाजारात. एक वळेसर एसटीत चढला की शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठतो. असलं फूल असताना तुम्ही जाई-जुईवर भांडताय!

पायरीवरची | १४ मार्च, सकाळी ११:२०

आसोलीचो, वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं (बाळंतपणात तसंही कशानेही येतं). कालच आईने वळेसर फ्रिजमध्ये ठेवून, डब्यात घालून पुण्याला पाठवलाय. पण सुरंगी म्हटल्यावर दीर लगेच म्हणाले, "सुरुंग?" झालं. पुण्यात ते तेच राहणार.

खवचट_खवय्या | १४ मार्च, सकाळी ११:३१

नेवाळी कुणी ठेवू नका. बदलापूर-कल्याणच्या माणसाला फक्त नेवाळी नाका आणि तिथलं ट्रॅफिक आठवतं.

वाचनमात्र_९ | १४ मार्च, दुपारी ३:००

बरेच वर्षं नुसती वाचते, आज लॉगिन केलं. इरावती कर्व्यांनी मुलीचं नाव जाई ठेवलं होतं. लेखिका जाई निंबकर. त्यांनी इंग्रजीत पुस्तकं लिहिली, म्हणजे मुखपृष्ठावर तेच जे-ए-आय. काही बिघडलं नाही. इरावतीबाईंचं स्वतःचं नाव ब्रह्मदेशातल्या नदीवरून. नदीची मुलगी फूल, मला हे फार आवडतं.

पायरीवरची | १४ मार्च, दुपारी ३:२५

वाचनमात्र_९, सुंदर माहिती. पण त्यांच्या घरात त्याच आडनावाचा जय नव्हता ना!

दाखला_कुठाय | १४ मार्च, सायंकाळी ७:००

नावाच्या नादात कागद विसरू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर ते कळवतातच, तरी खात्री करा. नोंदीच्या वेळी नाव नसलं तरी चालतं. १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून बारशाच्या घाईत स्पेलिंग ठरवू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, मतदार यादी सगळीकडे हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून लागणार. एकदा छापलेलं अक्षर बदलायला निघालात की शपथपत्रं आणि हेलपाटे.

माझ्या स्वतःच्या दाखल्यावर कारकुनाने एक ए जास्त घातला. चाळीस वर्षं तो ए मी बँकेत समजावून सांगतोय.

गोंयची_बाय | १४ मार्च, रात्री ९:१५

आमच्याकडे बकुळीला ओंवळ म्हणतात. देवळाच्या आवारात झाड असतंच. रात्री फुलं आपोआप गळतात, पहाटे मुली वेचायला जातात. करंगळीच्या नखाएवढी चांदणी, मधोमध भोक. सुई लागत नाही, केळीच्या दोऱ्यात सरळ ओवतात. देवाने ओवायलाच बनवलंय ते फूल. माझं मत बकुळ.

टंकनदोष | १४ मार्च, रात्री ९:४०

बकुळ नको, कारण साधं आहे. आपण ळ म्हणणार, ऑफिसात हिंदीवाले ल म्हणणार, इंग्रजीत एल लिहिणार. शिवाय गुजरातेत बकुल हे पुरुषांचं नाव. माझा बॉसच बकुलभाई. मुलीच्या नावाने पहिला मेल त्यालाच जाईल.

जाता जाता, बकुळ की बकूळ?

नाना_वाईकर | १४ मार्च, रात्री १०:०५

विशेषनाम आहे, आईबाप लिहितील ते शुद्ध. तरी मी ऱ्हस्वच लिहीन, मूळ बकुल ऱ्हस्व आहे.

आणि ळ-चे म्हणाल, तर गुजरातीत ळ आहे, कानडीत आहे, मल्याळमात आहे. हिंदी प्रदेशाला मात्र तो जड जातो. लोकमान्यांना अर्धा देश तिलक म्हणतो. त्यांचे काही अडले का? की आपण टिळक हे आडनाव बदलायला निघालो?

बकुळीची आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जुन्या संस्कृत कवींचा संकेत असा, की काही झाडांना फुलण्याआधी डोहाळे लागतात. अशोकाला सुंदर स्त्रीची लाथ हवी. बकुळीला तिच्या तोंडातली मद्याची चूळ हवी. मेघदूतातल्या यक्षाच्या अंगणात ही दोन्ही झाडे शेजारी उभी आहेत. त्या डोहाळ्यांना संस्कृतात दोहद म्हणतात, आणि आपला डोहाळे हा शब्द तिथूनच आला.

खवचट_खवय्या | १४ मार्च, रात्री १०:०९

म्हणजे डोहाळजेवणात आपण बर्फी की पेढा विचारत बसतो आणि मूळ मेनू वेगळाच होता.

मीच_अबोली | १४ मार्च, रात्री १०:३०

नानांना +१. तिलकवाला मुद्दा वाचून मीही बकुळकडे सरकले. म्हातारं वाटतंय म्हणता, पण म्हातारं वाटतं ते बकुळाबाई. आ-कार आणि बाई काढले की बकुळ एकदम तरुण. आमच्या वेळी अबोलीसुद्धा कुणाच्या तरी आत्याचंच नाव वाटायचं.

इसारकाठी | १५ मार्च, पहाटे २:१०

आत्ता ऑफिसच्या एका पार्टीतून परतलो. तिथल्या जर्मन सहकाऱ्याकडून बकुळ म्हणवून घेतलं. 'बाकूल' म्हणाला. दुसऱ्यांदा 'बाकुर'. पण हसून म्हणाला, आणि अर्थ विचारला. वाळलं तरी वास न सोडणारं फूल, असं सांगितलं. तो म्हणाला, मग उच्चार शिकतो.

(हलके घ्या, त्याने बिअर घेतली होती. नानांचा संकेत इथेही लागू.)

व्यवस्थापक | १५ मार्च, सकाळी १०:००

ऱ्हस्व-दीर्घावरचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया नावावरच बोला.

पायरीवरची | १८ मार्च, पहाटे ३:३५

झालं बारसं. फीड देता देता एका हाताने लिहिते आहे.

शेवटी असं केलं: पत्रिकेसाठी, पाळण्यातलं नाव जाई. सासूबाईंचं 'जा' जपलं गेलं, आणि ते कुठल्याच कागदावर येणार नाही, त्यामुळे जयही सुरक्षित. दाखल्यावर बकुळ. स्पेलिंग अजून लिहून दिलेलं नाही, दाखला_कुठाय यांचं ऐकलं. बी-ए-के-यू-एल की मध्ये दोन यू, हे ठरवायला वर्ष आहे.

नवऱ्याला नानांचा टिळकांवरचा परिच्छेद दाखवला. साताऱ्याकडचा माणूस, म्हणाला, "ल म्हणायचंय त्यांनी ल म्हणावं, आपण दम देऊन ळ म्हणू." अबोली मी स्वतःच सोडलं. आईने पाठवलेल्या पार्सलात अबोली होती, ती पाळण्याच्या दोरीला बांधली. मीच_अबोली म्हणतात ते खरं आहे, आज तिसरा दिवस, रंग तसाच.

नणंदेने कानात कुर्र केलं, दोन्ही नावं सांगितली, बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हातच जड आहेत सगळ्यांचे. घुगऱ्या वाटल्या. मग आजीला फोन लावला. तिच्याच फुलाचं नाव, म्हटलं आधी तिला सांगावं.

"बकुळ, आजी, बकुळ ठेवलं!"

"काय? गोकुळ?"

"बकुळ!"

"गोकुळ तर दुधाचा नाव मगो."

तीन वेळा सांगितलं. मग आईने फोन घेतला, ट्रंकेकडे बोट दाखवलं असावं. थोडा वेळ काहीच आवाज नाही, नुसती कडी वाजल्याची. मग आजी म्हणाली, "व्हय? बरा केलास. आता तुका ती माळ पाठवूक नको, माकाच ऱ्हवांदे."

शाळेतल्या_बाई | १८ मार्च, सकाळी ७:०५

आजींना साष्टांग. बकुळला शाळेत घालाल तेव्हा कळवा, हजेरीत मी ळ-च म्हणेन.

आसोलीचो | १८ मार्च, सकाळी ८:२०

बरा झाला. दुसऱ्या वेळेक सुरंगी.

पायरीवरची | १८ मार्च, सकाळी ८:२२

दुसऱ्या वेळेचं नाव काढू नका आत्ता!

नवा_सदस्य_४४ | २ एप्रिल, दुपारी १२:४८

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. जाई छान नाव आहे, जाईच ठेवा.